आठवड्यातले आठ तास

मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. धनेगावच्या मांजरा धरणाने तळ गाठला होता. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून जिल्हा प्रशासनाने मार्चमध्येच जमावबंदीचा आदेश काढला होता. त्या उन्हाळ्यावर भरपूर लिहिले गेले. घागरींच्या रांगा, टँकर, ऊस, राजकारण, सगळे आले. डायलिसिसच्या खाटेवर पडलेल्या माणसाला किती पाणी लागते, हा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही.

तो असा आहे. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रव वाहतो. चार तासांच्या एका सत्राला १२० लिटर झाले. हे पाणी नळाचे चालत नाही, आरओ यंत्रणेतून काढावे लागते. ही यंत्रणा जेवढे शुद्ध पाणी देते जवळपास तेवढेच, पुष्कळदा त्याहून जास्त, बाहेर टाकून देते. म्हणजे एका रुग्णाच्या एका सत्रामागे अडीचशे लिटर धरायला हरकत नाही. त्या पहिल्या रेल्वेतले सगळेच पाणी डायलिसिसला दिले असते, तर त्यात दोन हजार सत्रे झाली असती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करणाऱ्या वीसेक माणसांचे ते एक वर्ष.

मूत्रपिंडाच्या आजारावरचा लेख पाण्यापासून सुरू करण्याचे कारण आहे. मराठवाड्यात डायलिसिसचा रुग्ण ज्या क्षारांशी झगडतो, त्यांतला पहिला हप्ता पाण्यातून येऊ शकतो. आपला बसाल्टचा खडक, त्यात सातशे-आठशे फूट खोल गेलेले बोअर, आणि भांड्यांवर पांढरा थर धरणारे जड पाणी. पिण्याच्या पाण्यात लिटरला ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम असणे भारतीय मानकाला मान्य आहे; दुसरा स्रोत नसेल तर २०० पर्यंतही चालते. डायलिसिसच्या पाण्यात ही मर्यादा २ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइडचेही तसेच: पिण्यासाठी १, नाइलाज असेल तर दीड, डायलिसिससाठी ०.२. हा फरक लहरीतून आलेला नाही. निरोगी माणूस आठवड्याला फार तर पंधरा-वीस लिटर पाणी पितो आणि ते आतड्यातून गाळून रक्तात जाते. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्तासमोरून आठवड्याला अडीचशे ते साडेतीनशे लिटर पाणी जाते, मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो, आणि चुकीचे काही आत शिरलेच तर ते बाहेर टाकणारी किडनी शिल्लक नसते.

आरओ यंत्रणेची देखभाल ढिली पडली तर काय होते, हे जगाने पाहिले आहे. जड पाण्यामुळे डायलिसिसदरम्यान मळमळ, उलट्या, अंग भाजल्यासारखी आग आणि चढलेला रक्तदाब होतो, हे १९६७ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉ. अल्फ्री यांनी डायलिसिसवरच्या रुग्णांची वाचा जाणे, झटके येणे, स्मृती जाणे याचा संबंध ॲल्युमिनियमशी जोडला. ॲल्युमिनियम येते कुठून? गढूळ पाणी निवळायला टाकलेल्या तुरटीतून हे त्याचे एक उत्तर. गोदावरीचे नाहीतर मांजराचे पावसाळी पाणी तुरटीशिवाय निवळत नाही, आणि पिणाऱ्याला त्याचा अपाय नाही. डायलिसिसच्या रुग्णाला आहे.

सर्वांत विदारक प्रसंग ब्राझीलमधल्या कारुआरू शहरातला. १९९६ चा दुष्काळ होता. डायलिसिस केंद्राला टँकरने पाणी येत होते, आणि ते नीट प्रक्रिया न झालेले, शेवाळी विष असलेले होते. तिथल्या १३१ रुग्णांपैकी ११६ जणांना त्रास झाला, शंभरांचे यकृत निकामी झाले आणि त्या विषाने पन्नासहून अधिक माणसे गेली. दुष्काळ, टँकर, आटलेला तलाव हे सगळे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. म्हणून लातूर-नांदेडमधल्या प्रत्येक डायलिसिस केंद्राच्या दारावर पाण्याच्या शेवटच्या तपासणीची तारीख आणि निकाल लावलेला असावा, असे मला आग्रहाने वाटते. नातेवाइकांनी तो वाचावा, आणि नसेल तर मागावा.

नांदेडच्या किनवट भागात फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे, आणि त्याची एक बाजू क्वचितच बोलली जाते. शरीरातले फ्लोराइड मुख्यतः लघवीवाटे जाते. किडनी मंदावली की ते हाडांत साचते. अशा गावातल्या रुग्णाची कंबर आणि गुडघे दुखायला लागले, तर ती किडनीच्या आजारामुळे बिघडलेली हाडे आहेत की फ्लोराइडने ताठरलेली, की दोन्ही, हे नुसते पाहून सांगता येत नाही. आणि बहुतेक घरांत त्यावर एकच उपाय होतो: मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणणे.

या गोळ्यांपाशी थोडे थांबायला हवे.

यंत्राने रक्त धुतले जाते, म्हणजे सगळेच काम झाले, असा समज सगळीकडे आहे. निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास राबते. आपल्याकडे बहुतेक रुग्ण आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेतात, म्हणजे यंत्राचे तास आठ. उरलेले १६० तास शरीर आपल्याजवळचे मीठ, पाणी, पोटॅशियम, फॉस्फरस सांभाळत बसते. पोटॅशियम आणि युरिया यंत्र झपाट्याने काढते. फॉस्फरस हट्टी आहे. तो पेशींत आणि हाडांत दडून असतो, रक्तात हळूहळू उतरतो. चार तासांत सात-आठशे मिलिग्रॅमच्या वर सहसा निघत नाही. आता जेवणाकडे या. साध्या शाकाहारी जेवणातून दिवसाला ८०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात जातो. त्यातला अर्ध्याहून थोडा अधिक रक्तात शिरला असे धरले तरी आठवड्याला साडेतीन हजार झाले. दोन सत्रांत निघाला सोळाशे. जवळपास दोन हजार मिलिग्रॅमची खोट दर आठवड्याला उरते. तिसरे सत्र मिळाले तर ती अकराशेवर येते, मिटत नाही.

ही खोट भरायला जेवणासोबत ‘बाइंडर’ म्हणून गोळी दिली जाते. ती अन्नातल्या फॉस्फरसला आतड्यातच धरते आणि शौचावाटे बाहेर काढते. सर्वांत स्वस्त बाइंडर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. गोंधळ इथेच होतो, कारण गोळी तीच आणि कामे दोन. जेवता जेवता घेतली तर ती फॉस्फरस पकडते. रिकाम्या पोटी, रात्री झोपताना ‘हाडांना ताकद म्हणून’ घेतली तर तिच्यातले कॅल्शियम सरळ रक्तात जाते आणि ताटातला फॉस्फरस मोकळाच राहतो. कितीतरी घरांत ती दुधासोबत दिली जाते, कारण कॅल्शियम म्हणजे दूध असे आपल्या डोक्यात बसले आहे. आणि दूध स्वतःच फॉस्फरसने भरलेले असते.

जेवणासोबत घेतली तरी तिला मर्यादा आहेत. १२५० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि ती पन्नासेक मिलिग्रॅम फॉस्फरस धरते. दिवसाला तीन म्हणजे आठवड्याला हजार-अकराशे मिलिग्रॅम फॉस्फरस. दोन हजारांच्या खोटीतला हा जेमतेम अर्धा भाग, आणि त्यासाठी रोज दीड हजार मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात. ते जाते कुठे? त्यातले काही रक्तवाहिन्यांच्या भिंतींत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात डायलिसिसवरच्या वीस ते तीस वर्षांच्या १६ तरुणांपैकी १४ जणांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम साचलेले आढळले, आणि ज्यांच्यात साचले होते ते कॅल्शियमच्या गोळ्या जवळपास दुप्पट घेत होते. डायलिसिसवरची माणसे किडनीने कमी आणि हृदयाने जास्त जातात, त्यामागचे हे एक मोठे कारण. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी कॅल्शियमवाले बाइंडर मोजकेच वापरा असे स्पष्ट सांगितले. सेव्हेलेमरसारखे कॅल्शियमविरहित बाइंडर आहेत, पण ते महाग. सोयाबीनच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या घराला ‘कॅल्शियम बंद, हे सुरू करा’ म्हणणे सोपे नाही, हे डॉक्टरांनाही ठाऊक असते. तरीही कमी किमतीच्या गोळीचा हिशेब रुग्णाला समजावून सांगितला, जेवणाच्या घासासोबत चावून खायला लावली, आणि दर महिन्याला कॅल्शियम-फॉस्फरस तपासले, तर तिच्यातला बराच धोका कमी होतो.

ताकदीच्या इतर गोळ्यांबद्दलही तेच म्हणावे लागते. डायलिसिसवरच्या माणसाला चव लागत नाही, भूक मरते, त्वचा खाजते, आणि रक्तात जस्त म्हणजे झिंक कमी सापडते, हे खरे. म्हणून झिंक, सेलेनियम, क्रोमियम देऊन साखर सुधारते का, चरबी उतरते का, सूज ओसरते का, असे प्रयोग होत आले आहेत. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० च्या आहार-सूचनांनी सगळा पुरावा चाळला आणि झिंक-सेलेनियम सरसकट देऊ नका असे म्हटले. मला हा निर्णय योग्य वाटतो. कमतरता सापडली तर जरूर द्यावे. पण झिंक महिनोन् महिने घेतले तर शरीरातले तांबे उतरते आणि रक्त आणखी कमी होते. मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवर खनिजांची जी लांबलचक यादी असते, ती धडधाकट माणसासाठी छापलेली असते. तिच्यात पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम असते आणि दुकानदार ते वाचून देत नाही.

लोहाची गोष्ट वेगळी, आणि उलटी. इथे हात आखडता घेतला जातो. दर सत्रात नळ्यांत आणि डायलायझरमध्ये थोडे रक्त अडकून राहते, तपासण्यांना जाते. वर्षाला एक-दोन ग्रॅम लोह असे निघून जाते. तोंडाने घेतलेले लोह या आजारात आतडे नीट शोषत नाही, म्हणून ते शिरेतून द्यावे लागते. रक्त वाढवणारे एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन चालू आहे, पण लोहाचा साठा रिकामा आहे, अशा स्थितीत ते महागडे इंजेक्शन वाया जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या २१४१ रुग्णांच्या चाचणीत ज्यांना शिरेतून नियमित, भरपूर लोह दिले, त्यांच्यात मृत्यू आणि हृदयाचे झटके कमी झाले आणि एरिथ्रोपोएटिनही कमी लागले. तेही बेहिशेब नव्हते. फेरिटिन आणि लोहाची टक्केवारी ठरलेल्या रेषेवर गेली की लोह थांबवले जात होते.

नांदेडने या आजाराच्या सरकारी वाटचालीत आधीच पाऊल टाकले होते. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मराठवाड्यातला एकटा नांदेड होता. लातूरसह बाकीचे जिल्हे २०१३ च्या नोव्हेंबरात आले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुलेंचे नाव मिळाले. मधल्या काळात, २०१६ मध्ये, केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. याआधी डायलिसिस म्हणजे जमीन विकणे हा अर्थ होता. तो या योजनांनी बदलला, हे मनापासून मान्य केले पाहिजे.

पण योजना सत्र मोजते. किनवटहून विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयापर्यंतचा सव्वाशे किलोमीटरहून जास्तीचा रस्ता, उदगीरहून लातूरला आठवड्यातून दोनदा येण्यात बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली शाळा, हे मोजत नाही. मग एखादे सत्र चुकते. पेरणी आहे, लग्न आहे, बस नाही. आठवड्याला तीन सत्रे घेणाऱ्या ३२ हजार अमेरिकी रुग्णांच्या २०११ च्या अभ्यासातसुद्धा दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू जास्त आढळले. आपल्याकडे दोन सत्रांत तीन-चार दिवसांचे अंतर हीच नेहमीची रीत. त्यातले एक चुकले की आठवडा होतो. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांना दोन सत्रे निभावतात. ज्यांची बंद झाली आहे त्यांच्यासाठी ही तडजोड आहे, आणि तिची किंमत पोटॅशियम वसूल करते. रक्तातले पोटॅशियम ५ पर्यंत ठीक. साडेसहाच्या पुढे गेले की पाय गळून जातात, आणि कधी कधी काहीच न जाणवता हृदय बंद पडते.

आता आपला मुलूख बघा. अर्धापूरची केळी महाराष्ट्रभर जातात. लातूर ही तुरीच्या डाळीची पेठ. एका केळ्यात चारशेच्या आसपास मिलिग्रॅम पोटॅशियम असते, शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत हजाराच्या वर. पाहुणा भेटायला येताना केळी आणतो नाहीतर शहाळे आणतो, आणि या आजाऱ्यासाठी दोन्ही वाईटच. याहून धोक्याचे म्हणजे बीपीवाल्यांसाठी विकले जाणारे ‘कमी सोडियमचे’ मीठ. त्यात सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चांगल्या मनाने सुनेने घरात ते मीठ आणले आणि सासऱ्याचे पोटॅशियम चढले, असे सहज होऊ शकते. किडनीच्या रुग्णाला साधेच मीठ, पण थोडे. मुतखड्यावरचे आयुर्वेदिक औषध यवक्षार म्हणजे पोटॅशियमच. श्वेतपर्पटीत सोरा आहे, म्हणजे पुन्हा पोटॅशियम, आणि तुरटी आहे, म्हणजे ॲल्युमिनियम. कमरख नावाचे आंबट फळ तर किडनी गेलेल्या माणसाच्या मेंदूला थेट बाधते. उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात.

अशी यादी वाचली की घरची माणसे सगळेच बंद करतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टरांनी डाळ, दूध, अंडी कमी करायला सांगितलेली असतात. डायलिसिस सुरू झाल्यावर नियम उलटतो: शरीराच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात, कारण प्रत्येक सत्रात अमिनो आम्ले वाहून जातात. हे उलटलेले पथ्य पुष्कळ घरांपर्यंत पोहोचतच नाही. माणूस भात आणि फिक्क्या भाजीवर राहतो, दंड बारीक होतात, अल्ब्युमिन उतरते. फॉस्फरस मात्र छान दिसतो, आणि सगळे खूश होतात. पण तो उपाशी माणसाचा फॉस्फरस आहे.

डाळ सोडायची गरज नाही. ती भिजवून पाणी टाकायचे, भरपूर पाण्यात शिजवून वरचे पाणी ओतून द्यायचे, मग फोडणी द्यायची. भाज्या बारीक चिरून, उकडून, पाणी काढून टाकायचे. अंड्याचा पांढरा भाग खायचा. त्यात प्रथिने भरपूर आणि फॉस्फरस नगण्य. ज्वारीच्या भाकरीला घाबरू नये. धान्य-कडधान्यातला फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो, निम्म्याच्या आसपासच शोषला जातो. पाकिटातले नमकीन, काळी कोल्ड्रिंक, प्रक्रिया केलेले चीज यांत मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळपास सगळाच रक्तात जातो. दवाखान्यातल्या खाटेवर भाकरी टाळून बिस्किटचा पुडा उघडणारा रुग्ण अनेकदा दिसतो. त्याला कोणीतरी प्रेमाने हे सांगायला हवे.

मधुमेही रुग्णांचे आणखी एक वळण आहे. किडनी शरीरातले इन्सुलिन मोडीत काढते. ती थांबली की तेच इन्सुलिन जास्त वेळ टिकते, भूकही कमी असते, आणि साखर आपोआप उतरते. ‘शुगर गेली’ म्हणून घरात आनंद होतो. शुगर गेलेली नसते. जुनाच डोस चालू ठेवला तर पहाटे ती धोकादायक खाली जाते. ग्लिबेनक्लामाइडसारखी जुनी गोळी अशा वेळी फार घातक. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणीही इथे फसवते, कारण या रुग्णांच्या तांबड्या पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येतो. बोटाला टोचून रोजची साखर बघणे जास्त विश्वासाचे.

हे सगळे सांगायला तज्ज्ञ हवा, पण तो किडनीतज्ज्ञाइतका दुर्मीळ असण्याची गरज नाही. एक आहारतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस तालुक्याच्या डायलिसिस केंद्रावर बसली, तर रुग्णाच्या खाटेशेजारी चार तास तिच्या हातात आहेत. महिन्याचा अहवाल मराठीत छापला जावा, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन यांच्यापुढे मागच्या महिन्याचा आकडा असावा. गावातल्या आशाताईंना कमी सोडियमच्या मिठाची आणि यवक्षाराची माहिती दिली जावी. यातल्या कशालाही नवी इमारत लागत नाही.

आणि सणांचे वेळापत्रक. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आमची येळवस, लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या काही भागांत दिवाळीहून मोठी. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते, गावे रिकामी होतात, माणसे शेतात कोपीसमोर पंगत मांडतात. ओल्या तुरी, हरभरा, वाटाणे, पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यात आंबवलेले आंबील. पोटॅशियम आणि पाणी यांचा याहून मोठा मेळ वर्षात नाही. तरी त्या दिवशी डायलिसिसच्या माणसाला घरी एकटे ठेवू नये. त्याच्यासाठी भज्जीच्या भाज्या आदल्या रात्री वेगळ्या उकडून पाणी काढता येते. एक उंडा, वाटीभर भज्जी, आणि अर्धा पेला आंबील त्या दिवसाच्या पाण्याच्या मापात धरून देता येते. केंद्राने एवढे करावे की त्या आठवड्याचे एक सत्र अमावस्येच्या आदल्या दिवशी आणि दुसरे दोन दिवसांनी लावावे, आणि ही तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच नोंदवहीत लिहून ठेवावी.